गादीला कुठलं पाणी घातलं?

मी नेमकं काय काम करतो, हे सोयरिकीच्या बैठकीत मला कधी धड सांगता आलं नाही. थोरल्या मुलीच्या लग्नाच्या वेळी व्याह्यांनी विचारलं, "कंपनीत कोणत्या खात्यात?" मी म्हणालो, "पर्यावरण." ते खूश झाले. मी झाडं लावत असेन असं त्यांना वाटलं असावं, आणि मीही ते खोडून काढलं नाही. खरं सांगायचं तर माझा सगळा जन्म दुर्गंधीच्या मागे धावण्यात गेला. शिरवळच्या एका खाद्यपदार्थांच्या कारखान्यात आधी सांडपाण्यावर होतो, मग कुजणाऱ्या कचऱ्यावर आलो. निवृत्तीनंतर सातारा-सांगली भागातल्या लहानमोठ्या कंपोस्ट प्रकल्पांचा सल्लागार झालो. सल्लागार हा शब्द ऐकायला मोठा आहे. कुठे घाण सुटली की मला फोन येतो, मी जातो, आणि कपाळाला आठ्या घालून उभा राहतो. बाकीचे लोक माझ्या आठ्यांकडे बघत उभे राहतात.

या धंद्यात माणूस कायम गोंधळलेला असतो. निदान मी तरी होतो आणि आहे. सांडपाण्याचा नमुना बाटलीत भरून प्रयोगशाळेत नेता येतो. वासाला कुठे पकडणार? तो सकाळी असतो, दुपारी नसतो. तपासणीला अधिकारी आले की गायब होतो आणि त्यांची गाडी वळली की परत येतो. त्यात आपलं नाक अगदीच कामचुकार. प्रकल्पाच्या फाटकातून आत गेलं की पंधरा मिनिटांत ते हात टेकतं, पुढे काही कळेनासं होतं. म्हणून मी आत फार वेळ थांबत नाही. लांब जाऊन चहा पितो आणि पुन्हा येतो. लोकांना वाटतं, साहेबांना चहाचं व्यसन आहे.

साताऱ्याजवळ एक निवृत्त गृहस्थ रोज संध्याकाळी फोन करायचे, "आत्ता येतोय, या लवकर." सहा वेळा गेलो. सहाव्या वेळी तर प्रकल्प आठवडाभर बंद होता, तरी वास येतच होता. शेवटी त्यांच्याच अंगणातल्या मैलाटाकीचं झाकण तडकलेलं निघालं. ते मला म्हणाले, "म्हणजे तुमचा वास आमच्या टाकीत शिरला होता?" मी हो म्हणून टाकलं. महामार्गावरच्या एका हॉटेलमालकाने तर स्वतःच शक्कल काढली. खरकट्याच्या शेडच्या पंख्यापुढे मोगऱ्याच्या अत्तराचे बोळे बांधले. तिथे जो काही वास तयार झाला तो मी आजवर दुसरीकडे कुठे घेतलेला नाही. गिऱ्हाइकं जेवता जेवता थांबत आणि एकमेकांकडे संशयाने बघत.

आता कामाबद्दल थोडं सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. हॉटेलं, मंगल कार्यालयं, कॅन्टीन यांचं खरकटं बंद शेडमध्ये कुजवून खत करायचं. खरकटं बघून मी तिथी सांगू शकतो. आखाडात हाडं आणि रस्सा, श्रावणात केळीची सालं, नवरात्रात साबुदाणा आणि शेंगदाण्याचा कूट, लग्नसराईत जिलेबी आणि मसालेभात. मटण, डाळ, दूध जास्त आलं की डोळे झोंबणारा अमोनिया सुटतो. भात-चपातीचा चिखल झाला आणि त्याला हवा मिळाली नाही की आंबट, उलटी आणणारा वास येतो. ही सगळी हवा पंख्याने ओढून घ्यायची आणि भोकाभोकांच्या पाइपातून एका मोठ्या हौदाखाली सोडायची. त्या हौदात लाकडाचे तुकडे, नारळाचा काथ्या आणि जुनं मुरलेलं खत यांचा छातीइतका थर असतो. हवा त्यातून हळूहळू वर येते. त्या ओल्या तुकड्यांवर डोळ्यांना न दिसणारे जिवाणू राहतात आणि ते वास खाऊन टाकतात. वर येते ती ओल्या पाल्यापाचोळ्यासारखा मंद वास असलेली हवा. पुस्तकात याला बायोफिल्टर म्हणतात. आमच्याकडच्या बायका त्याला गादी म्हणतात, आणि मीही तेच म्हणतो.

गादीच्या अटी फार नाहीत. ती ओली राहिली पाहिजे, पण चिंब नको. दाबली जाता कामा नये. मूठभर माल घेऊन आवळला तर गोळा व्हावा आणि बोटांतून पाणी गळू नये. एवढं सांभाळलं तर ती पाच-सहा वर्षं मुकाट्याने काम करते. मला ती फार आवडते. आमच्या घरी ही गोष्ट कुणाला पटत नाही.

दोन वर्षांपूर्वी आटपाडीच्या बाजूला, एका गावाबाहेरच्या प्रकल्पावर मी महिन्यातून दोनदा जात असे. मालक सांगलीत बसत. प्रकल्पावर सहा बायका होत्या आणि गादीचं काम शालनकडे होतं. वय असेल तिशी-पस्तिशीचं. नवरा त्या भागातल्या पुष्कळ पुरुषांसारखा गलाईला, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात, तिकडे खाली केरळात गेलेला. आधी वर्षातून एकदा यायचा, मग फोनच येऊ लागला, मग तोही बंद झाला. पदरात दोन मुली. या नोकरीवर तिचं घर चालत होतं, आणि हे तिने मला पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. "साहेब, हे काम मला ठिवायचं हाय. काय शिकायचं ते शिकवा."

मी शिकवलं. हवेचा दाब बघायला आम्ही भिंतीवर पाण्याची एक वाकडी नळी लावतो. तिच्यातलं पाणी किती बोटं चढलं ते ती रोज मुलीच्या जुन्या वहीत लिहून ठेवायची. मुठीची परीक्षा तर माझ्यापेक्षा तिलाच चांगली जमू लागली. गादीवर चढताना चप्पल काढायची. मी म्हणालो, "देव आहे का तो?" ती म्हणाली, "देव न्हाई, पर जितं हाय म्हणलासा न्हवं तुमीच?" बाकीच्या बायकाही मग चपला काढू लागल्या. गादी दबू नये म्हणून मी इतर ठिकाणी पाट्या लावून थकलो होतो, ते इथे फुकटात झालं.

प्रकल्पाच्या पूर्वेला हाकेच्या अंतरावर दिनकरनानांचं बेदाण्याचं शेड होतं. उन्हाळ्याच्या तोंडाला द्राक्षं उतरली की तिथे जाळ्यांचे मजल्यावर मजले भरत, आणि पंधरा-एक दिवस द्राक्षं वाऱ्यावर सुकत. दुपारचा वारा पश्चिमेचा, म्हणजे आमच्याकडून त्यांच्याकडे. प्रकल्प उभा राहिला तेव्हापासून नानांचा त्याला विरोध होता. पण गादी नीट चालत होती, त्यामुळे त्यांना बोलायला जागा नव्हती.

त्या वर्षी फाल्गुनात मालकांचा फोन आला. "साहेब, वास सुटलाय. नाना माणसं गोळा करायला लागलेत. लगेच या." मी गेलो. फाटकावरच नाना उभे होते, पांढरा शर्ट, हातात बेदाण्याची पिशवी.

"घ्या, वास घ्या," त्यांनी पिशवी माझ्या नाकाला लावली. "काल येपारी आला, मूठ उचलली, हुंगली आन परत ठिवली. काय बोलला बी न्हाई. आवं, वर्साचं पीक हाय आमचं!"

मी हुंगलं. गोड वास आला. त्यामागे आणखी काही होतं का? असावं. नसावंही. बेदाणा बाहेरचा वास धरतो का, हे मला तेव्हा माहीत नव्हतं, आजही खात्रीने माहीत नाही. पण नानांच्या शेडमध्ये उभा राहिलो तेव्हा हवेतला वास मात्र स्वच्छ कळला. तो आमचाच होता, कालच्या आमटीचा आणि परवाच्या भाताचा.

"सोमवारी गेटला कुलूप घालनार," नाना म्हणाले. "गाव माझ्या मागं हाय." त्या दिवशी गुरुवार होता.

मी कामाला लागलो. शेडचं दार बंद राहत होतं. पंख्याचा पट्टा ताठ होता, पाइप कुठे फुटलेला नव्हता. आत येणारं खरकटं नेहमीचंच, जत्रेचा मालही अजून सुरू झाला नव्हता. हवा ओली करायचे फवारे चालत होते. नळीतलं पाणी थोडं जास्त चढलं होतं, पण काळजी करण्याइतकं नाही. मग गादीवर गेलो, हात कोपरापर्यंत आत घातला, मूठ आवळली. झकास गोळा झाला. गादी ओली होती, उबदार होती, भुसभुशीत होती. आणि तिच्यातून येणारी हवा नाकाला लावली तर जशी खालून शिरली तशीच वर येत होती. जिवाणू काही खात नव्हते. गादी मेली होती.

माझी मतीच गुंग झाली. लांब जाऊन चहा प्यायलो, परत आलो, पुन्हा हुंगलं. पुन्हा चहा. टपरीवाल्याने तिसऱ्या वेळी न विचारताच ग्लास पुढे केला. एवढ्या वर्षांत मी मेलेल्या गाद्या पाहिल्या होत्या, पण त्या कोरड्या पडून फुटलेल्या, नाहीतर चिखल होऊन सडलेल्या. अशी तंदुरुस्त दिसणारी मेलेली गादी मी पाहिली नव्हती. रात्री आटपाडीच्या लॉजवर पंख्याकडे बघत पडलो. हिला झालंय तरी काय?

सकाळी मला उत्तर सापडलं. निदान मला तसं वाटलं. महिन्याच्या सुरुवातीला बोअरची मोटर जळून आठवडाभर पाणी बंद होतं, हे मला आठवलं. शालनचा तेव्हा फोनही आला होता. मी नातीच्या बारशाच्या गडबडीत होतो, "बघा काय ते" असं काहीतरी बोललो होतो. म्हणजे त्या आठवड्यात गादी वाळून खाक झाली असणार आणि जिवाणू मेले असणार. नंतर मोटर सुरू झाल्यावर, साहेब यायच्या आत भरपूर पाणी मारून ती पुन्हा ओली केली असणार. ही चलाखी मी दहा ठिकाणी पाहिली होती. साहेब येणार म्हटलं की लोक आदल्या दिवशी गादीला आंघोळ घालतात. मला स्वतःचं कौतुक वाटलं. क्षार मोजायच्या कागदी पट्ट्या माझ्या पिशवीतच होत्या. त्या मी काढल्याही नाहीत, कारण उत्तर तर मिळालं होतं.

मी शालनला बाकीच्या बायकांसमोर बोलावलं.

"मोटर बंद होती तेव्हा गादीला पाणी मारलं का?"

"मारलं की. रोज मारलं."

"बोअर बंद, टँकर आला नाही. आणि पाणी मारलं?"

ती गप्प. तिने एकदा नानांच्या शेडकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मला ते कबुलीसारखं वाटलं.

"खोटं बोलू नका, शालनबाई. गादी वाळवली तुम्ही, आणि वरून माझ्या डोळ्यांत धूळ फेकता?"

"देवाशपथ साहेब, रोज पानी मारलंय. वहीत बघा."

मी वही बघितली नाही. मालकांना फोन लावला आणि जे वाटत होतं ते सांगितलं. मालकांना सोमवारच्या आधी कुणीतरी दोषी हवंच होतं, त्यांनी तिला त्याच दिवशी कामावरून काढलं. हलगर्जी करणारी बाई काढून टाकली, हे आता नानांना दाखवता येणार होतं. संध्याकाळी पाच वाजता शालनने रबरी हातमोजे धुऊन हौदाच्या कठड्यावर वाळत घातले, त्यांच्याखाली वही ठेवली, आणि ती घरी गेली. ती रडली वगैरे नाही. माझ्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. मला तेव्हा वाटलं, अपराधी माणूस असाच वागतो.

शनिवारी मी गादी उकरायला घेतली. वरचा थर काढून टाकायचा आणि नवा माल भरायचा, असा बेत होता. तासभर हाताने उकरल्यावर नळाखाली हात धुतले. हात निसरडे लागत होते, साबण नीट न धुतल्यासारखे. साबण तर मी लावलाच नव्हता. पुन्हा धुतले, तरी तेच. मग लाकडाचा एक तुकडा उचलून त्यावर पाण्याचा थेंब टाकला. थेंब आत मुरेना, तेलकट तव्यावर नाचतो तसा वर बसून राहिला. आता मात्र पिशवीतून पट्टी काढली. वाळलेली गादी क्षार दाखवत नाही. जुनी गादी झालीच तर आंबट होते. ही पट्टी गडद निळी झाली, म्हणजे क्षारच क्षार. वाळवून मारलेल्या गादीत हे येणार कुठून? कालचं माझं उत्तर कोलमडलं, आणि दुसरं उत्तर काही माझ्याजवळ नव्हतं. मी तो निळा कागद हातात धरून बराच वेळ कठड्यावर बसलो, वाळत घातलेल्या त्या हातमोज्यांशेजारी.

शेवटी वही उघडली. मोटर बंद असलेल्या आठवड्यात रोजच्या तारखेपुढे नळीचा आकडा होता आणि खाली बारीक अक्षरात लिहिलेलं, "पाणी १४ घागरी." "पाणी १६ घागरी." एक दिवससुद्धा चुकलेला नव्हता.

घागरी कुठून आल्या असतील? आसपास पाणी असलेलं एकच ठिकाण होतं. मी कुंपणाच्या कडेने नानांच्या शेडवर गेलो. नाना गावात गेले होते. त्यांची आई, सगळे तिला आक्का म्हणतात, शेडच्या सावलीत बसली होती. शेजारी मोठी प्लास्टिकची टाकी होती आणि तिच्यात दुधासारखं पांढुरकं पाणी. द्राक्षं सुकायला घालण्याआधी त्यात बुडवून काढतात. सालीवरचं मेण सुटावं म्हणून त्यात पोटॅशियम कार्बोनेटची पांढरी पूड आणि डिपिंग ऑइल घातलेलं असतं. तीन-चार वेळा वापरलं की ते पाणी फेकून देतात. मी काही न बोलता टाकीत हात घातला आणि बोटं एकमेकांवर चोळली. तोच निसरडेपणा.

"आक्का, हे पाणी तुम्ही शालनला दिलंत का?"

म्हातारीने आधी इकडेतिकडे पाहिलं. मग म्हणाली, "दिनकरला सांगू नका, बाबा. त्यो तुमच्या खताच्या नावानं पेटतुय. ती पोर रडकुंडीला आली हुती. म्हणली, आक्का, गादी मरंल, साहेबांनी सांगितलंय पानी कुठनंबी आना पर गादी कोरडी पडू दिऊ नका, पडली तर मला त्वांड दाखवू नका. आवं, आमी दुष्काळात जलामलेली मानसं. ह्ये एवढं पानी वड्याला सोडायचं म्हंजी जिवावर येतंय. कॅनॉलचं पानी आलं म्हणून काय झालं? म्या म्हणलं, न्हे की ह्येच. द्राक्षाचंच तर पानी हाय. तुमच्या खरकट्याला त्येनं काय हुतंय?"

काय होतं? क्षाराने जिवाणू मेले आणि तेलाने प्रत्येक तुकड्यावर कातडं चढवलं. त्या बाईने घागरी डोक्यावर वाहून, कुंपण ओलांडून, आठ दिवस स्वतःच्या हातांनी गादीला विष पाजलं होतं. आणि ते माझ्या हुकमावरून. "कुठनंबी आना." हे शब्द माझेच होते, आक्काच्या तोंडून ऐकल्यावर मला ते लख्ख आठवले. बारशाच्या मांडवात, एका कानात बोट घालून, मी ते फोनवर ओरडलो होतो. शालन माझ्यासमोर का गप्प राहिली, हेही आता कळलं. म्हातारीचं नाव सांगायचं नाही असा शब्द तिने दिला होता. आणि मी तिला पाणी घातलं की नाही एवढंच विचारलं होतं. कुठलं घातलं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

मला शरम वाटली, हे सरळ लिहितो. पण त्या क्षणी शरमेच्या बरोबरीने गोंधळही होता. आता कुणाला काय सांगायचं? खरं सांगितलं तर नाना म्हातारीवर भडकणार. न सांगितलं तर शालनच्या माथी डाग. मी दोन तास विचार करत बसलो आणि रविवारी सकाळी नानांच्या घरी जाऊन अर्धंच सांगितलं. गादीला चुकीचं पाणी घातलं गेलं, ते माझ्या सांगण्यावरून, गुन्हेगार मी. बाईचा दोष नाही. तीन आठवडे द्या.

"कसलं चुकीचं पानी?" नानांनी विचारलं.

मी अडखळलो. तेवढ्यात आतून आक्का बाहेर आली. "माझं पानी," ती म्हणाली. "आपल्या टाकीतलं. म्या दिलं. घाल आता कुलूप मला."

नाना आईकडे बघत राहिले, मग माझ्याकडे, मग पुन्हा आईकडे. शेवटी ते उठले आणि पायांत चपला घालत म्हणाले, "च्या दे ह्यास्नी." सोमवारी कुलूप लागलं नाही. दुपारी नानांच्या विहिरीवरून गोड्या पाण्याचा एक टँकर आमच्या फाटकात आला आणि चालक म्हणाला, "नाना म्हणलं, ह्ये चांगलं हाय, घाला."

पुढचे तीन आठवडे मी त्या गादीचा गडी झालो. नवं खरकटं घेणं थांबवलं. वरचा अर्धा थर काढून टाकला, उरलेला पुन्हा पुन्हा धुतला. साताऱ्याजवळच्या प्रकल्पातून जिवंत गादीची पोती आणली आणि दुधात विरजण घालावं तशी आत कालवली. रोज हुंगायचो. पहिला आठवडा काही नाही. दुसऱ्या आठवड्यात एका कोपऱ्यात किंचित ओल्या मातीसारखा वास आला असं वाटलं, दुसऱ्या दिवशी तो गेला. मी वैतागलो नाही. मला माहीत होतं, मेलेलं पुन्हा उठवायचं तर घाई करून चालत नाही. मालक फोनवर चिडचिड करायचे, मी त्यांना सांगायचो, धीर धरा, तिला वेळ द्या. हे वाक्य मी दिवसातून दोनदा तरी बोलत असेन.

शालनकडे मी गेलो नाही. जावं असं रोज वाटायचं. मालकांना तिचा दोष नव्हता हे सांगितलं होतं, ते "बघू" म्हणाले होते. मी मनाशी ठरवलं होतं की आधी गादी उभी करू, मग ती चांगली बातमी घेऊनच तिच्या दारात जाऊ. रिकाम्या हातांनी काय जायचं? मला तेव्हा हे फार शहाणपणाचं वाटत होतं. आता वाटतं, मला तिच्यासमोर उभं राहायची भीती वाटत होती. की दोन्हीही खरं होतं? माझं मला अजून सांगता येत नाही.

एकविसाव्या दिवशी गादी लागली. संपूर्ण, चारी कोपऱ्यांत. मी नानांना शेडवर नेऊन दुपारच्या वाऱ्यात उभं केलं. ते दहा मिनिटं नाक वर करून उभे राहिले आणि म्हणाले, "न्हाई गड्या. कायच न्हाई." मालकांना तिथूनच फोन लावला आणि शालनला परत घ्यायचं कबूल करून घेतलं. तेव्हा नाना म्हणाले, "शालन व्हय? ती हितंच हाय की. दोन हप्तं झालं. आक्कानं लावली कामाला."

शेडच्या मागच्या अंगाला सात-आठ बायका ओळीने बसून बेदाण्यातल्या काड्या वेचत होत्या. शेवटी शालन होती. मी तिच्यासमोर उकिडवा बसलो. बायकांचे हात थांबले, तिचे थांबले नाहीत.

"शालनबाई, चूक माझी होती. सगळी. मी विचारायला हवं होतं."

तिने आणखी एक काडी वेचून बाजूला टाकली.

"गादी पुन्हा जिवंत झाली. मालकांशी बोललोय. सोमवारपासून या."

आता तिने वर पाहिलं. "मातीवानी वास येतुय?"

"येतोय."

"चारी कोपऱ्यांत?"

"चारी."

"मुठीत गोळा हुतोय? गळत न्हाई?"

"नाही."

तिचा चेहरा खरोखरच उजळला. मला वाटलं, झालं, मिटलं. तिने हातातली मूठ पाटीत टाकली आणि शांतपणे म्हणाली, "बरं झालं. तिला तुमी तीन हप्तं दिलासा, साहेब. मला एक दीस बी न्हाई दिला."

मग तिने पुढची मूठ उचलली आणि काड्या वेचायला लागली. मी उठलो. ती सोमवारी आली नाही, पुढच्याही सोमवारी आली नाही.